भोंग्याचे दोन टाके

डोळ्याच्या ऑपरेशनसाठी सासरे थोरल्या मुलीकडे निघाले, तेव्हा त्यांनी घराची किल्ली जावईबापूंच्या हातात ठेवली आणि तीन सूचना केल्या. गॅलरीतल्या कुंड्यांना दिवसाआड पाणी घाला. टपाल आलं तर टेबलावर ठेवा, फोडू नका. आणि भोंग्याला हात लावू नका. पहिल्या दोन सूचना त्यांनी चपला घालता घालता उरकल्या. तिसरी करताना मात्र ते थांबले, वळले, जावईबापूंच्या डोळ्यांत रोखून पाहिलं आणि म्हणाले, "त्याच्याकडे बघूसुद्धा नका."

ज्या माणसाला हातातलं पाकीट कोणाच्या नावाचं आहे ते दिसत नव्हतं, त्याला आपल्या पोटातलं बरोबर दिसावं, याचं जावईबापूंना वाईट वाटलं.

जावईबापू हे काही त्यांचं नाव नव्हे. पन्नाशी उलटलेला, अभिलेख कक्षात हेडक्लार्क असलेला हा गृहस्थ कचेरीत 'साहेब' होता. त्याच्या सहीवाचून जुन्या कागदाची नक्कल कोणाला मिळत नसे. पण सासऱ्यांच्याच इमारतीत, त्यांच्या दोन मजले खाली बिऱ्हाड थाटलं आणि त्या दिवसापासून साहेबांचा जावईबापू झाला. सेक्रेटरी तेच म्हणत, पेपरवाला तेच म्हणे. एकदा तर सोसायटीच्या पावतीवरही तेच नाव आलं होतं, आणि ती पावती त्यांनी तशीच फायलीला लावली होती, कारण पावती फाडणं त्यांच्या तत्त्वात बसत नव्हतं.

आणि बावीस वर्षांत सासऱ्यांनी त्यांना किल्ली पहिल्यांदाच दिली होती. एरवी गावाला जाताना कुंड्या सेक्रेटरींकडे असत. जावईबापूंनी मागे एकदा सासऱ्यांच्या भिंतीत खिळा ठोकून दिला होता. दुसऱ्या दिवशी तो खिळा दोन बोटं डावीकडे सरकलेला होता, आणि जुन्या भोकात लांबी भरून वर रंगाचा हात मारलेला होता. सासरे त्याबद्दल चकार शब्द बोलले नाहीत. त्यांनी रागावून चार शब्द सुनावले असते तर बरं, असं जावईबापूंना अजून वाटे. या किल्लीने तो खिळा एकदाचा भरून निघेल अशी त्यांची आशा होती.

आता भोंगा. सासरे टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होते. तिथे पस्तीस वर्षं त्यांनी तारांना सोल्डरचे टाके मारले. निवृत्त झाल्यावर हात स्वस्थ बसेना, म्हणून हौसेने त्यांनी घरीच एक सर्किट बनवलं. वहीच्या पानाएवढा बोर्ड, त्यावर स्वतः आखलेल्या तांब्याच्या रेघा. गच्चीवरच्या टाकीत पाणी काठाला आलं की चौथ्या मजल्यावर सासऱ्यांच्या दाराबाहेर भोंगा वाजे आणि खाली सेक्रेटरी पंप बंद करत. रोज सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी. पुढे पुढे सगळी इमारत त्या भोंग्यावर चालू लागली. कोणी त्यावर उठे, कोणी दाढीला बसे, कोणी मुलांना अंथरुणातून ओढून काढी. हौस एकाची होती, सवय अठरा बिऱ्हाडांची.

तिसऱ्या दिवशी सकाळी तो भोंगा उचकी लागल्यासारखा तीनदा तुटला आणि मग कसाबसा वाजला.

"तपासायला हवं," जावईबापू म्हणाले.

"अहो, बाबांनी बघूसुद्धा नका म्हटलंय," बायको म्हणाली.

"बघत कोण बसलंय? मी तपासणार आहे."

अभिलेख कक्षात आयुष्य काढलेल्या माणसाला हा फरक खराखुरा वाटतो. बायकोने हात जोडले आणि ती कामाला लागली. बावीस वर्षांत तिने या माणसाला अडवण्याचे सगळे प्रकार करून पाहिले होते.

या क्षेत्रातला जावईबापूंचा अनुभव अगदीच शून्य नव्हता. शाळेत असताना त्यांनी एक रेडिओ बनवला होता. तो एक संध्याकाळ वाजला होता, भिंतीला टेकवून धरल्यावर. त्या भांडवलावर त्यांनी सासऱ्यांचं घर उघडलं, खणातलं सोल्डरिंग आयर्न काढलं, तापत ठेवलं, आणि भोंग्याच्या डब्याचं मागचं झाकण उघडलं.

आत पाहून त्यांना भरून आलं. चाळीसेक टाके, सगळे एका मापाचे, सगळे चकचकीत. फक्त एका कोपऱ्यात शेजारी शेजारी दोन टाके करडे, फुगीर, ओबडधोबड होते. टाके कसले, गोळेच ते. हे बाबांचं काम नव्हे, एवढं जावईबापूंनाही कळलं. काळाचा परिणाम असणार, त्यांनी ठरवलं. तीस वर्षांत कागद पिवळा पडतो, मग सोल्डर करडं पडायला काय झालं?

पहिल्या गोळ्यावर त्यांनी आयर्न टेकवलं. गोळा लवकर वितळेना. त्यांनी जरा दाबलं. वितळला. आता उचलायला हवं होतं, पण टाका नीट वितळू द्यावा असं सासऱ्यांच्या तोंडून त्यांनी कधीतरी ऐकलं होतं, म्हणून त्यांनी मनात दहा आकडे मोजले, आणि काम चोख व्हावं म्हणून आणखी दहा. जळकट वास आला तेव्हा ते सतरावर होते. घाईने त्यांनी हात उचलला, तर टोकाला गोळा चिकटून आला, गोळ्यामागून तांब्याची टिकली आली, आणि टिकलीमागून बोटभर लांबीची तांब्याची रेघ आली. दुधावरची साय यावी तशी अलगद.

आपण काय केलं हे त्यांना पूर्ण कळलं नव्हतं, पण जे चिकटलेलं असायला हवं ते लोंबत होतं. मग त्यांनी तेच केलं जे त्यांनी तीस वर्षं फाटक्या नोंदवह्यांचं केलं होतं. खाली जाऊन कचेरीतला डिंक आणला, रेघेच्या पाठीला बोटाने सारखा लावला, रेघ जागेवर बसवली आणि वर टीपकागद दाबून धरला. काम इतकं सुबक झालं की सवयीने त्यांनी शिक्क्यासाठी खिसा चाचपला. डिंकाचा थर खाली गेला होता तसाच तो टिकली आणि तारेच्या मधेही गेला होता, आणि डिंकातून वीज जात नाही, ही माहिती कोणत्याही नोंदवहीत नव्हती.

त्याच संध्याकाळी सासऱ्यांचा फोन आला.

"डोळा कसा आहे, बाबा?"

"डोळ्याचं असू द्या. भोंगा वाजतोय ना?"

"वाजतोय की."

"मधेच गचके खात नाही ना?"

गचके खाल्लेले यांना इतक्या लांबून कसे कळले? "छे, छे. अगदी ठणठणीत."

"मागचं झाकण उघडलं नाहीत ना?"

"बाबा! मी कशाला उघडू?"

मग सासरे "बरं," म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला. जावईबापू रात्रभर तळमळत राहिले. इमारतीत कोणीतरी हेर आहे, याबद्दल त्यांची खात्री पटली होती. संशय सेक्रेटरींवर होता.

दुसऱ्या दिवशी सहा दहा झाले, सव्वासहा झाले, साडेसहा झाले. भोंग्याने हूं की चूं केलं नाही. सेक्रेटरी पंपाच्या खोलीत खुर्चीवर भोंग्याची वाट बघत पेंगत होते. टाकी भरली, ओसंडली, आणि जादा पाण्याच्या नळातून धो धो पाणी तळमजल्यावरच्या शिंपीणकाकूंच्या अंगणात पडू लागलं. तिथे गिऱ्हाइकाचा नवाकोरा कोट ट्रायलसाठी टांगलेला होता. त्याला कच्ची शिलाई होती, आणि आता ती फारच कच्ची झाली.

अर्धी इमारत उशिरा उठली. जिन्यात अर्धवट दाढी केलेले चेहरे जमले. सेक्रेटरी काखेत रजिस्टर घेऊन आले.

"जावईबापू, किल्ली तुमच्याकडे. याची नोंद घ्यावी लागेल."

"नोंद कशाला? किरकोळ आहे. त्याला... जरा विश्रांतीची गरज होती."

"भोंग्याला?"

"यंत्रच आहे शेवटी," जावईबापू म्हणाले. या वाक्याचा अर्थ त्यांनाही लागला नाही, पण आवाजात तीस वर्षांचा हेडक्लार्क होता. सेक्रेटरींनी रजिस्टर मिटलं.

त्या दुपारी जावईबापूंनी एक सायकलचा रबरी भोंगा मिळवला.

दुसऱ्या दिवसापासून त्यांचा दिवस पावणेसहाला गच्चीवर सुरू होऊ लागला. टाकीचं झाकण उघडायचं, एका हातात टॉर्च धरायचा, दुसऱ्या हाताचं बोट आत सोडून बसायचं. पाणी बोटाला लागलं की झाकण टाकून धावत चौथ्या मजल्यावर यायचं आणि सासऱ्यांच्या दाराशी उभं राहून रबरी फुगा पिळायचा. पहिल्या दिवशी पाँऽऽ पाँऽऽ असा आवाज झाला. खालून कोणीतरी म्हणालं, "भोंग्याचा घसा बसलाय." दुसऱ्याने काढा सुचवला. पण पंप बंद झाला. बरं चाललं होतं, तेवढ्यात समोरचं दार उघडलं.

समोर दातांच्या डॉक्टरीणबाई राहत. त्या हातात ब्रश घेऊन उभ्या होत्या. पुढ्यात ओल्या बाहीचा, धापा टाकणारा, रबरी भोंगा छातीशी धरलेला हेडक्लार्क.

"जावईबापू, हे काय?"

"सराव," जावईबापू म्हणाले. पुढे काही सुचेना, आणि त्यांचा चेहराच असा झाला की डॉक्टरीणबाईंनी ब्रश बाजूला ठेवला. "काय मोडलंत ते दाखवा."

त्यांनी डोक्याला भिंगाचा पट्टा बांधला, बोर्ड दिव्याखाली धरला, बारीक चिमट्याने डिंकाळलेली रेघ उचलून पाहिली आणि मान हलवली. "दाताचं काही नाही हो. हिरडीच गेलीय. आता दात बसवायचा कशावर?"

"वाचेल का?"

"माझ्या खुर्चीत सगळे हेच विचारतात," त्या म्हणाल्या. भिंग आणि चिमटा मात्र त्यांनी उसना दिला.

बाजारपेठेच्या टोकाला एक दुरुस्तीवाला होता. काउंटरवर फुटलेल्या मोबाइलांचा ढीग. त्याने बोर्ड उलटापालटा केला. "कोणत्या कंपनीचा?"

"घरगुती आहे."

"मग नवीन टाकून घ्या."

"नवीन मिळत नाही. एकच बनवलेला आहे."

दुरुस्तीवाल्याने बोर्ड आदराने खाली ठेवला. "बनवणारा आहे का?"

"आहे. उत्तम आहे."

"मग त्यांनाच विचारा की."

"त्यांना विचारता येत नाही म्हणून तर तुमच्याकडे आलोय!" जावईबापूंचा आवाज इतका कापरा झाला, की रांगेतल्या बाईंनी त्यांना बसायला स्टूल दिलं. दुरुस्तीवाल्याला दया आली. रेघ गेली तर तांब्याची पट्टी चिकटवतात, असं त्याने सांगितलं. त्याच्याकडे पट्टी नव्हती, मागवावी लागेल.

पट्टी बायकोने मागवली. पार्सल भलतीकडे जाऊ नये म्हणून पत्त्यावर तिने इमारतीत सगळ्यांना ठाऊक असलेलं नाव घातलं. ते दारापर्यंत आलंच नाही. आली ती चिठ्ठी. पार्सल टपाल कचेरीत ठेवलं आहे, ओळख पटवून घेऊन जावे.

टपाल कचेरीच्या खिडकीत एक चष्मेवाले कारकून होते. त्यांनी जावईबापूंचं ओळखपत्र वाचलं, पार्सल वाचलं, पुन्हा ओळखपत्र वाचलं.

"हे पार्सल जावईबापू यांचं आहे. तुम्ही जावईबापू आहात असं यात कुठे लिहिलंय?"

"अहो, ते नाव नाही. मी जावई आहे."

"कोणाचे?"

"सासऱ्यांचे."

"मग सासऱ्यांचं पत्र आणा. अमुक अमुक हे माझे जावई असून त्यांना पार्सल देण्यास माझी हरकत नाही. खाली सही."

"त्यांना कळता कामा नये!"

हे वाक्य खिडकीतून आत गेलं आणि कारकुनांनी पार्सल जरा मागे सरकवलं. मग चष्म्यावरून निरखून पाहिलं. "अभिलेख कक्षातले तुम्हीच ना? माझ्या आजोबांच्या जन्माची नक्कल हवी होती. तीनदा परत पाठवलंत. एकदा शाई काळी नव्हती म्हणून, एकदा समास कमी सोडला म्हणून."

"आणि तिसऱ्यांदा?" जावईबापूंनी क्षीण आवाजात विचारलं.

"तिसऱ्यांदा तुम्ही जेवायला गेला होता."

जावईबापूंना आठवत नव्हतं. असे कितीतरी आजोबा त्यांच्या हाताखालून गेले होते. आयुष्यात पहिल्यांदाच खिडकीची ही बाजू किती उंच असते ते त्यांना दिसलं. ते निमूट परतले आणि सेक्रेटरींच्या दारी उभे राहिले. सेक्रेटरींचा मूळचा स्वभाव प्रमाणपत्र देण्याचाच होता. सोसायटीच्या कागदावर, जावक क्रमांक घालून त्यांनी लिहिलं: 'प्रमाणित करण्यात येते की सदर गृहस्थ हे या इमारतीचे जावई असून त्यांची वर्तणूक आमच्या माहितीप्रमाणे चांगली आहे.' 'आमच्या माहितीप्रमाणे' या शब्दांवर त्यांनी किंचित जोर दिला. ते पत्र खिडकीत चाललं. पार्सल हाती आलं. घरी उघडलं, तर आत भेटवस्तूंना गुंडाळायची, तांब्याच्या रंगाची, चकचकीत कागदी पट्टी निघाली.

"तांब्याची पट्टी असंच लिहिलं होतं तिथे," बायको म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि ते हसू दाबल्यामुळे आलं आहे हे जावईबापूंना कळेपर्यंत फोन वाजला.

सासरेच. आवाज विलक्षण खुशीत. "पट्टी काढली. सगळं लख्ख दिसतंय! समोरच्या भिंतीवर मुंगी चाललीय, तिचे पाय मोजतोय मी इथून. डॉक्टर म्हणाले, आता थांबायचं कारण नाही. शनिवारी येतो."

"मंगळवारी येणार होतात ना, बाबा?"

"का? शनिवारी काही आहे का?"

"नाही, नाही. या ना," जावईबापू म्हणाले आणि खुर्चीत बसले. गुरुवार होता.

आता त्यांना खरी भीती वाटू लागली. बोर्ड मोडला हे तर होतंच. पण अंधुक डोळ्यांचा माणूस गेला होता आणि मुंगीचे पाय मोजणारा माणूस परत येत होता. तो दार उघडणार, डबा उघडणार, बावीस वर्षांत एकदा दिलेली किल्ली परत मागणार आणि चकार शब्द बोलणार नाही. खिळ्याच्या वेळी बोलला नव्हता, तसाच. ते न बोलणं आपल्याला आता झेपणार नाही, असं जावईबापूंना अगदी स्पष्ट वाटलं.

कोटाची माफी मागायची राहिली होती. निदान तेवढं तरी उरकावं म्हणून ते खाली शिंपीणकाकूंकडे गेले. काकू तोच कोट मांडीवर घेऊन बसल्या होत्या. पाण्याने उसवलेल्या खांद्याला त्या नव्याने टाके घालत होत्या. जावईबापूंनी माफी मागितली, आणि कोणी विचारलं नसताना बोर्डाची सगळी हकिगत सांगून टाकली. रबरी भोंग्यासकट.

"ते आम्हाला ठाऊक होतं," काकू म्हणाल्या. "पाँ पाँ करणारा भोंगा कधी शिंकतो का? परवा सकाळी तुम्ही दोनदा शिंकलात."

जावईबापूंनी मान खाली घातली.

"आणि तुम्ही टाका घालायला गेलात ते उसवलेल्या जागीच ना? तिथलं कापड दमलेलं असतं, जावईबापू. तिथे सुई घातली की आणखी फाटतं. असं मागे यायचं, जिथे कापड धड आहे तिथे. तिथून दोरा घ्यायचा, आणि फाटक्या जागेवरून सरळ पलीकडे न्यायचा." त्यांनी करून दाखवलं. खांदा धरला.

जावईबापू दोन मिनिटं त्या टाक्याकडे बघत उभे राहिले. मग दोन दोन पायऱ्या चढत वर गेले. काकूंनी सुईत नवा दोरा ओवला. आभार मानायचे राहिले हे जावईबापूंना चौथ्या मजल्यावर आठवलं.

सासऱ्यांच्या खणात टेलिफोनच्या जुन्या केबलमधली केसासारखी बारीक तार होती. शुक्रवारी त्यांनी रजा टाकली. डोक्याला डॉक्टरीणबाईंचं भिंग, हातात चिमटा. उखडलेली रेघ सोडून ते मागे आले, तांबं जिथे धड होतं तिथे चाकूने हलकेच खरवडलं, तार टेकवली आणि आयर्न लावलं. या वेळी तीनपर्यंतच मोजलं. टाका बसला. तारेचं दुसरं टोक त्यांनी पलीकडे बोर्डातून बाहेर आलेल्या सुट्या भागाच्या पायाला लावलं, आणि वीज चालू केली.

तोच भोंगा वाजू लागला. अखंड, खणखणीत, जुन्या आवाजात. जावईबापूंचा आनंद अर्धा मिनिट टिकला. टाकी तर अर्धी होती. खात्री करायला सेक्रेटरींनी धावत जाऊन पंप चालू केला, पाणी चढलं, काठाला आलं, आणि भोंगा चूप झाला. पुन्हा पाणी उतरलं, पुन्हा सुरू. तार शेजारच्या पायाला लागली होती. भोंगा आता टाकी भरली की गप्प बसत होता आणि एरवी ओरडत होता.

वीज तोडून त्याला गप्प करेपर्यंत जिन्यात सेक्रेटरींची सूचना लागलीसुद्धा होती. 'सर्व सभासदांस कळविण्यात येते की, भोंगा वाजत असल्यास टाकी भरलेली नाही असे समजावे. भोंगा वाजत नसल्यास टाकी भरली आहे अथवा वीज गेली आहे असे समजावे. दोन्हींतील फरक सभासदांनी आपल्या जबाबदारीवर ठरवावा.' सूचनेखाली कोणीतरी पेन्सिलीने लिहिलं होतं: 'अथवा जावईबापू शिंकत आहेत.'

शनिवारी पहाटेच जावईबापू पुन्हा बसले. एक टोक सोडवलं, पाय मोजले, पुन्हा मोजले, तार योग्य पायाला लावली. झाकण बसवलं. मग ते सासऱ्यांच्या दारापाशी पायरीवर बसून राहिले. सहा पाच. सहा आठ. समोरच्या दारातून डॉक्टरीणबाई डोकावल्या. खालच्या वळणावर बायको येऊन उभी राहिली, तिच्यामागे सेक्रेटरी, रजिस्टरसह.

सहा वाजून दहा मिनिटांनी भोंगा वाजला. एका दमात, न तुटता. पंप बंद झाल्यावर पाणी उतरलं तसा तो थांबला. सेक्रेटरींनी सूचना स्वतःच्या हाताने फाडली. बायकोने नवऱ्याच्या चुरगळलेल्या बाहीवरून हात फिरवला. जावईबापू तिथेच पायरीवर रडले असते, पण इमारतीचे लोक बघत होते.

अकरा वाजता सासरे आले. डोळ्यांवर काळा चष्मा. चपला काढल्या, कुंड्यांकडे पाहिलं, टेबलावरचं न फोडलेलं टपाल पाहिलं, चष्मा काढला आणि सरळ भोंग्यापाशी गेले. जावईबापू मागोमाग, हातात किल्ली घेऊन. डब्याच्या स्क्रूवर नव्या ओरखड्यांची चमक होती, आणि ती सासऱ्यांना चार पावलं अलीकडूनच दिसली.

"उघडलंत."

"हो, बाबा." आठ दिवस पाठ केलेली कारणं जावईबापूंच्या तोंडून एकही आली नाहीत. "मी मोडला. मग मीच जोडला. मधे पाणी गेलं, काकूंचा कोट भिजला. फोनवर खोटं बोललो."

सासऱ्यांनी स्क्रू काढले आणि बोर्ड खिडकीच्या उजेडात नेला. बराच वेळ ते काही बोलले नाहीत.

"ही तार तुमची?"

"माझी."

"टाका मोठा आहे. पण धरलाय." जावईबापूंच्या आयुष्यात या माणसाने उच्चारलेलं हे सर्वांत मोठं वाक्य होतं. ते नीट ऐकू यावं म्हणून त्यांनी श्वास रोखला. पण सासरे पुढे बोलले नाहीत. त्यांचं बोट शेजारच्या दुसऱ्या गोळ्यावर थांबलं होतं, करड्या, फुगीर, जावईबापूंनी हातही न लावलेल्या. त्यांनी बोर्ड डोळ्यांजवळ नेला, लांब नेला, पुन्हा जवळ आणला. चेहऱ्यावरचा रंग उतरला. मान वर न करता ते हळूच म्हणाले, "आणि हा?"

तेव्हा जावईबापूंना सगळं कळलं. तो काळाचा परिणाम नव्हता. महिन्यापूर्वी केव्हातरी भोंगा बिघडला होता, आणि धुक्यासारखं दिसणाऱ्या डोळ्यांनी, चाचपडत, कोणाला न सांगता, पस्तीस वर्षं टाके मारलेल्या या माणसाने ते दोन गोळे टाकले होते. गचके खातो का, झाकण उघडलं का, हे फोनवरचे प्रश्न हेराच्या सांगण्यावरून येत नव्हते. आपण ज्या भीतीने झोपत नव्हतो, त्याच भीतीने पलीकडे एक म्हातारा माणूस डोळ्यावर पट्टी बांधून जागा होता.

"तोही माझाच, बाबा," जावईबापू म्हणाले. "पहिल्या दिवशीचा. तेव्हा मला काहीच जमत नव्हतं."

सासऱ्यांनी मान वर केली. नव्या डोळ्याने त्यांनी जावईबापूंकडे पाहिलं, चुरगळलेल्या बाहीकडे, बोटांवरच्या चटक्यांकडे. मुंगीचे पाय मोजणाऱ्या त्या डोळ्याला खोटं दिसलं नाही असं होणं शक्य नव्हतं. आपण कोणता टाका मारला आणि कोणता नाही हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक असणार?

त्यांनी बोर्ड डब्यात ठेवला, झाकण मात्र लावलं नाही. जावईबापूंनी किल्ली पुढे केली. सासऱ्यांनी ती घेतली नाही.

"असू द्या तुमच्याकडे," ते म्हणाले. "उद्या सकाळी पंप बंद झाला की वर या. आयर्न तापवून ठेवतो. आधी तुमचा टाका लहान करू." मग त्यांनी चष्मा पुसला, डोळ्यांवर चढवला आणि खिडकीकडे तोंड करून म्हणाले, "माझा मी काढीन."